ईईजीवर प्रोजेक्ट करताय? टेप लावण्यापासून डेटा वाचण्यापर्यंत सगळं

ऐरोली, नेरूळ, खारघर, इकडे ठाण्यात घोडबंदर रोडची कॉलेजं, सगळीकडची मुलं हल्ली ईईजीवर, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या विजेच्या लाटांच्या रेकॉर्डवर, प्रोजेक्ट घ्यायला लागलीत, इंजिनियरिंगवाली फिट ओळखणारं मॉडेल बनवायला निघतात, सायकॉलॉजीवाली अटेन्शन मोजायला, आणि दोघंही एकाच जागी अडतात. मी नवी मुंबईत ईईजी टेक्निशियन आहे, रोजचं काम फिटच्या पेशंटचं, पण या मुलांचे प्रश्न ऐकून ऐकून वाटलं की एकदा सगळं मराठीत नीट लिहून काढावं. बहुतेकांना वाटतं अवघड भाग पायथनमध्ये आहे. तसं नाहीये. इलेक्ट्रोड डोक्यावर कसा बसला आणि रेकॉर्डिंग चालू असताना बाजूला काय काय लिहून ठेवलं यावर पुढचं सगळं उभं राहतं, हे दोन्ही कच्चं राहिलं तर नंतर कितीही भारी मॉडेल लावा, हाती काही लागत नाही.

आपण नक्की काय मोजतो

जर्मनीत येना इथे हान्स बर्गर या मानसोपचारतज्ज्ञाने १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा हे सिग्नल घेतले आणि १९२९ मध्ये छापले, त्याने बघितलेली अल्फा लय (डोळे मिटले की येणारी नियमित लाट) आजही आम्ही प्रत्येक रेकॉर्डमध्ये सगळ्यात आधी शोधतो. मेंदूच्या वरच्या थरातल्या, म्हणजे कॉर्टेक्समधल्या, पिरॅमिडल पेशी रांगेत एकाच दिशेने उभ्या असतात, त्यांच्या सिनॅप्सपाशी (दोन पेशींच्या जोडापाशी) जे बारीक व्होल्टेज तयार होतं ते असंख्य पेशींमध्ये एकदम झालं तरच कवटीच्या बाहेर काहीतरी पोचतं. एखादा स्पाइक, म्हणजे फिटच्या पेशंटमध्ये दिसणारा अणकुचीदार आकार, वरून दिसायला साधारण ६ ते १० चौरस सेंटिमीटर कॉर्टेक्स एकत्र पेटावा लागतो, त्यामुळे खोल किंवा छोट्या जागेत काही चालू असेल तर ईईजी अगदी स्वच्छ दिसू शकतो, हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे लागेल.

आकडा किती? १० ते १०० मायक्रोव्होल्ट. छातीवरचा ईसीजी साधारण १ मिलिव्होल्टचा असतो म्हणजे त्याच्यापुढे हे फारच क्षीण, म्हणून घरातली वायरिंग, डोळे, जबडा, हृदय सगळे यात घुसतात. एमआरआयपेक्षा ईईजीचा फायदा एकच पण मोठा आहे, तो मिलिसेकंदात बघतो. फंक्शनल एमआरआय रक्तप्रवाह बघतो आणि तो बदलायला काही सेकंद जातात, जागा मात्र तो नेमकी दाखवतो. ‘कधी झालं’ विचारायचं असेल तर ईईजी, ‘कुठे झालं’ विचारायचं असेल तर एमआरआय, एवढं ढोबळमानाने धरून चाला.

आणि एक, पेशंटचे नातेवाईक दर वेळी विचारतात, “करंट देणार का?” नाही. ईईजीत मशीन फक्त ऐकतं, आत काहीही सोडत नाही. तुमच्या व्हॉलंटियरलाही हे आधीच सांगा, घाबरलेल्या माणसाच्या कपाळाचे आणि मानेचे स्नायू ताठ असतात आणि ते सगळं रेकॉर्डमध्ये येतं.

आधी प्रश्न ठरवा, मशीन नंतर

‘ईईजीवरून स्ट्रेस ओळखणे’ हा प्रश्न नाही, ते नुसतं शीर्षक झालं. प्रश्न असा हवा: डोळे मिटून बसलेल्या माणसाने मनात ७-७ वजा करत आकडे मोजले तर मागच्या बाजूची अल्फा कमी होते का? इथे माणूस काय करतोय, कुठे बघायचं, काय बदलायला हवं सगळं ठरलेलं आहे. प्रश्न असा बांधला की मशीन आपोआप ठरतं. अल्फा, डोळे, झोप एवढंच बघायचं असेल तर ८ चॅनेलचं ओपनबीसीआय कंपनीचं सायटन बोर्ड पुरतं, ते २५० हर्ट्झला सॅम्पल करतं, म्हणजे सेकंदाला २५० नोंदी घेतं. फिटच्या पेशंटचं निदान मात्र असल्या बोर्डवर करायचं नाही, तिथे २१ इलेक्ट्रोडचं पूर्ण रेकॉर्डिंग आणि सोबत व्हिडिओ लागतो, आणि वाचायला न्यूरोलॉजिस्ट लागतात.

याच जागी सांगते, बोटांच्या ठशांवरून मुलाचं करियर सांगणाऱ्या टेस्ट आणि डोळ्यावर पट्टी बांधून वाचायला लावणारे मिडब्रेनचे क्लास यांचा ईईजीशी काडीचाही संबंध नाही. तिथे मेंदूचं कुठलंच रेकॉर्डिंग होत नाही. आई-बाबा त्यात पैसे घालतात त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आदल्या दिवशीची तयारी

डोक्याला तेल नको. आपल्याकडे खोबरेल लावल्याशिवाय कित्येक जणांचा, विशेषतः आज्यांचा, दिवस जात नाही, म्हणून हे फोनवर दोनदा सांगा: आदल्या रात्री शाम्पूने केस धुवा, कंडिशनर नको, जेल नको, आणि सकाळी कोरड्या केसांनी या. उपाशी येऊ नका, रक्तातली साखर उतरली की लाटा संथ होतात आणि ते आजारासारखं दिसतं. चहा-कॉफी टाळलेली बरी. फिटच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, “गोळी न घेता या म्हणजे नीट दिसेल” असं शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून गोळी बंद करून आलेले पेशंट आम्ही बघतो, आणि ते धोक्याचं आहे. डॉक्टरांनी कमी झोपून यायला सांगितलं असेल तर सोबत कुणीतरी हवंच आणि स्कूटर चालवत यायचं नाही, पनवेल-उरणवरून येणाऱ्यांना हे मुद्दाम सांगते. लहान मुलाला झोपेचं सिरप डॉक्टरांनी लिहिलं असेल तरच.

फॉर्मवर लिहून घ्या: वय, डावखुरा की उजवा, शेवटचं झोपणं-उठणं, शेवटचं जेवण, कुठली औषधं, शेवटची फिट कधी. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्यांनी बीटा, म्हणजे वेगवान लाटा, वाढते, हे लिहिलेलं नसेल तर तुमचं मॉडेल गोळी ओळखायला शिकेल आणि तुम्हाला वाटेल आजार ओळखतंय.

टेप, पेन्सिल, पेस्ट

इथे घाई करू नका. हर्बर्ट जॅस्परने १९५८ मध्ये मांडलेली १०-२० पद्धत जगभर चालते, आणि तिचं सौंदर्य हे की डोकं लहान असो की मोठं, जागा टक्क्यांत ठरतात. चार खुणा शोधा. पुढची नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांच्या मधल्या खळग्यात. मागची डोक्याच्या पाठीमागे मधोमध जो हाडाचा उंचवटा बोटाला लागतो तिथे. बाकी दोन कानांच्या पुढे, तोंड उघडलं की बोट जिथे किंचित आत जातं त्या जागी.

आता पुढून मागे मधोमध टेप धरा. समजा ३६ सेंमी आलं. नाकाच्या बाजूने १० टक्के म्हणजे ३.६ सेंमीवर पहिली खूण, ती एफपीझेड. तिथून २० टक्के म्हणजे ७.२ सेंमी मागे एफझेड, पुन्हा ७.२ वर सीझेड, मग पीझेड, मग ओझेड, आणि शेवटी ३.६ उरायला हवेत. उरले नाहीत तर टेप सरकली, परत मोजा. सीझेड बरोबर १८ वर आला का बघा. मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेप सीझेडवरून न्या, त्यातही तसंच, १० टक्क्यांवर टी३, पुढच्या २० वर सी३, मग सीझेड, सी४, टी४. दोन्ही टेप जिथे एकमेकींना छेदतात तोच खरा सीझेड. मग कपाळावरून डोक्याभोवती गोल टेप फिरवून बाकीचे. विषम आकडे डावीकडे, सम उजवीकडे, ‘झेड’ मधला. नवीन पुस्तकांत टी३-टी४ ला टी७-टी८ आणि टी५-टी६ ला पी७-पी८ म्हणतात, सॉफ्टवेअर आणि मशीन वेगवेगळी नावं वापरत असतील तर चॅनेल जुळत नाहीत आणि मुलं दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसतात.

खूण केली की केस कंगव्याच्या टोकाने बाजूला करा, न्यूप्रेपसारख्या जेलने ती जागा कापसाच्या काडीवर घेऊन हलकं घासा, त्वचा लाल होईपर्यंत नाही, फक्त वरचा तेलकट मळ निघेल इतकं. मग कप इलेक्ट्रोडमध्ये टेन२० सारखी कंडक्टिव पेस्ट भरा, दाबून बसवा, वर छोटा गॉज. इम्पिडन्स, म्हणजे इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला विजेला होणारा अडथळा, ५ किलो-ओमच्या खाली आणायचा आणि सगळे साधारण सारखे ठेवायचे, एक २ वर आणि दुसरा ३० वर असेल तर त्या जोडीत घरातली ५० हर्ट्झची लाइट घुसणारच. हल्लीच्या चांगल्या ॲम्प्लिफायरना १० पर्यंत चालतं. उलटी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: इम्पिडन्स १०० ओमच्याही खाली दाखवत असेल तर खूश होऊ नका, शेजारच्या दोन इलेक्ट्रोडची पेस्ट पसरून एकमेकांना चिकटली असेल, त्या जोडीची रेघ जवळपास सपाट येते.

घाम, पंखा आणि चार्जर

नवी मुंबईच्या हवेत मे आणि ऑक्टोबरमध्ये हे काम वेगळंच होतं. घाम आला की सगळ्या चॅनेलमध्ये लांबलचक संथ लाट वर-खाली तरंगायला लागते, अर्ध्या हर्ट्झच्याही खालची, आणि नवीन माणसाला ती डेल्टा, म्हणजे मेंदूतून येणारी संथ लाट, वाटते. डेल्टा म्हणजे मेंदूच्या त्या भागात काहीतरी बिघाड असा अर्थ निघू शकतो, म्हणून घामाला डेल्टा म्हणणं ही साधी चूक नाही. एसी लावा, खोली गार करून मग पेशंटला आत घ्या, पण इतकीही गार नको की माणूस कुडकुडेल, कुडकुडलं की स्नायू येतात. पंखा बंद, तो वायरी हलवतो. वायरींची वेणी घालून खांद्यामागे एकत्र सोडा. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर काढा, मोबाइल खोलीबाहेर. बिल्डिंगचं अर्थिंग खराब असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, नॉच फिल्टरने झाकत बसू नका. नॉच ५० हर्ट्झची रेघ पुसतो पण इलेक्ट्रोड सुटलेला असतो तोही लपवतो.

डोळे मिचकावले की कपाळावरच्या एफपी१-एफपी२ मध्ये मोठा झटका येतो, कारण डोळ्याची पुढची बाजू मागच्यापेक्षा पॉझिटिव्ह असते. जबडा आवळला की कानाच्या वरच्या चॅनेलमध्ये जाड काळं गवत उगवल्यासारखं दिसतं. जीभ हलली की संथ लाटा येतात, म्हणून तोंडात सुपारी, मावा, च्युइंगगम काही आहे का ते विचारा, आणि शंका असली तर पेशंटला ‘ल ल ल’ म्हणायला लावून त्याचा नमुना घेऊन ठेवा. ईसीजीची लीड कायम लावा, नाहीतर हृदयाचे ठोके कधी डाव्या टेम्पोरलमध्ये स्पाइकचं सोंग घेऊन येतील कळणार नाही.

रेकॉर्डिंग चालू

क्लिनिकल रेकॉर्डिंग किमान २० मिनिटं स्वच्छ हवं, झोप मिळाली तर उत्तम. साधारण सेटिंग: ७ मायक्रोव्होल्ट दर मिलिमीटर, फिल्टर ०.५ किंवा १ पासून ७० हर्ट्झ, सॅम्पलिंग २५६ किंवा जास्त.

पहिलं, डोळे मिटवा. मागच्या ओ१-ओ२ मध्ये ८ ते १३ हर्ट्झची अल्फा यायला हवी. “उघडा” म्हणा, गेली पाहिजे. “मिटा” म्हणा, परत आली पाहिजे. तुमचं मशीन, पेस्ट, वायरी सगळं बरोबर आहे का याची ही सगळ्यात सोपी परीक्षा, आणि विद्यार्थ्यांना पहिल्यांदा ती लय आपल्या मित्राच्या डोक्यातून उमटताना दिसते तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. काही निरोगी माणसांत अल्फा फारच कमी असते, मग डोळे मिटूनही दिसली नाही म्हणून आजार म्हणू नका. सी३-सी४ वर अल्फासारखीच एक कमानदार लय येते, म्यू, ती डोळे उघडून जात नाही, हाताची मूठ वळली की जाते.

नंतर तीन मिनिटं जोरात श्वास. मोठ्यांना नुसतं सांगून चालतं, मुलांच्या हातात भिरभिरं देतो, फुंकत राहा म्हणून. हे का महत्त्वाचं ते बघा. सात-आठ वर्षांची मुलगी, शाळेतून तक्रार की मधेच हरवते, लिहिता लिहिता थांबते, घरी आईला वाटतं लक्ष देत नाही. भिरभिरं फुंकता फुंकता दुसऱ्या मिनिटाला तिचे ओठ थांबतात, डोळे एकटक, भिरभिरं फिरायचं थांबतं, आणि त्याच क्षणी स्क्रीनवर सगळ्या चॅनेलमध्ये एकदम, सेकंदाला तीन अशा, स्पाइक आणि लाट, स्पाइक आणि लाट. मी लगेच म्हणते, “बाळा, आंबा. लक्षात ठेव, आंबा.” आठ-दहा सेकंदांनी लाटा थांबतात आणि ती जणू काही झालंच नाही असं परत फुंकायला लागते. विचारते, “मी काय म्हणाले होते?” तिला माहीतच नाही. आई बाजूला बसून सगळं बघत असते, आणि आपण लेकीला उगाच रागावत होतो हे तिला त्या खुर्चीतच कळतं. आजार आणि आकलन एकाच दहा सेकंदात मोजून होतात, म्हणून तो शब्द म्हणायचा आणि रेकॉर्डमध्ये ज्या जागी म्हटला तिथे खूण करायची, ही सवय लावा. मेंदूत लाटा आल्या एवढं मशीन सांगतं, त्या वेळी ती ऐकत होती का हे तुम्हीच तपासायचं.

नुकताच स्ट्रोक झालेला, हृदयाचा त्रास, जोराचा दमा, सिकल सेल असेल तर हा श्वासाचा भाग करायचा नाही. त्यानंतर लाइटचे फ्लॅश वेगवेगळ्या वेगाने. जे जे घडतं ते वेळेसह टाइप करत राहा: खोकला, डोळे उघडले, ट्रक गेला, डुलकी लागली.

रेकॉर्डिंग चालू असताना पूर्ण फिट आली तर रेकॉर्डिंग बंद करू नका. कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार काढा, घड्याळ लावा, डॉक्टरांना हाक मारा. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर ती इमर्जन्सी.

कुठल्या आजारात काय दिसतं

वरचा तीनचा पॅटर्न ॲब्सेन्स एपिलेप्सीचा. सकाळी उठल्यावर हात झटकणाऱ्या, हातातला कप उडवणाऱ्या किशोरवयीन मुलांत ४ ते ६ हर्ट्झचे पॉलिस्पाइक (एकापाठोपाठ अनेक स्पाइक) आणि लाटा दिसतात. बाळ वारंवार मानेने-अंगाने पटकन वाकतं, घरचे पोटात कळ समजतात, आणि ईईजीत पूर्ण गोंधळ, मोठ्या उंच बेशिस्त लाटा, त्याला हिप्सअरिदमिया म्हणतात, तिथे एक दिवसही घालवायचा नाही, लगेच बालन्यूरोलॉजिस्ट. गोवर होऊन गेल्यावर काही वर्षांनी येणाऱ्या एसएसपीई या मेंदूच्या आजारात दर काही सेकंदांनी तीच ती मोठी लाट ठराविक अंतराने येते. यकृत बिघडून गुंगी आली असेल तर ट्रायफेजिक, म्हणजे तीन टप्प्यांच्या, लाटा. आयसीयूत हातपाय न हलवता नुसता निपचित पडलेला पेशंट आतून सतत फिटमध्ये असू शकतो, ते ईईजीशिवाय कळत नाही.

विसराळूपणात मागची लय मंदावते, मोठ्या माणसात ती साडेआठच्या वर असावी अशी अपेक्षा, लुई बॉडी डिमेन्शिया या विसराळूपणाच्या एका प्रकाराच्या २०१७ च्या निकषांत हे मंदावणं सहाय्यक खूण म्हणून घेतलंय. पण नुसत्या त्यावरून कुणाला डिमेन्शिया ठरवता येत नाही. एडीएचडीचंही तसंच, संथ थीटा आणि वेगवान बीटा लाटांचं गुणोत्तर काढून मुलाला लेबल लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या साध्या ईईजीत एपिलेप्सी असलेल्या साधारण निम्म्याच लोकांत काही सापडतं. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे आजार नाही असं नव्हे. उलट, पूर्ण निरोगी मोठ्या माणसांतही दोनशेत साधारण एकाला फिटसारखे स्पाइक असू शकतात, शिवाय झोपेत येणारे काही निरुपद्रवी टोकदार आकार असतात जे वाचणाऱ्याला फसवतात. म्हणून फिटचं निदान मुख्यतः घडलेल्या प्रसंगाच्या वर्णनावर होतं, घरच्यांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ कित्येकदा ईईजीपेक्षा जास्त सांगून जातो. चक्कर येऊन पडणं आणि मानसिक ताणातून येणारे झटके दोन्ही फिटसारखे दिसतात, तिथे व्हिडिओ ईईजीने सुटका होते.

लक्ष, आठवण, भाषा मोजायची असेल तर

इथे वेगळं तंत्र लागतं. एका आवाजाला मेंदू जो प्रतिसाद देतो तो चालू लाटांच्या गर्दीत दिसतच नाही, म्हणून तोच प्रसंग पुन्हा पुन्हा द्यायचा आणि सरासरी काढायची. नको असलेला गोंधळ तुकड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो, १०० तुकड्यांची सरासरी घेतली की गोंधळ दहापट कमी. सटन आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाखवलेला पी३०० हा प्रतिसाद शिकायला उत्तम. हजार हर्ट्झचा बीप ८० टक्के वेळा, दोन हजारचा २० टक्के, माणसाने फक्त दुसरा मोजायचा. तो क्वचित येणारा बीप ऐकल्यावर साधारण ३०० मिलिसेकंदांनंतर पीझेडवर पॉझिटिव्ह टेकडी येते. मोजायच्या बीपचे निदान ३५-४० तरी स्वच्छ तुकडे उरतील इतके बीप द्या, दोन बीपमधलं अंतर १ ते १.५ सेकंदात कमी-जास्त ठेवा, तुकडा बीपच्या २०० मिलिसेकंद आधीपासून ८०० नंतरपर्यंत कापा.

वायरवाले हेडफोन घ्या. ब्लूटूथने आवाज उशिरा पोचतो आणि दर वेळी सारखा उशीर नसतो, म्हणजे तुमची टेकडी पसरून चपटी होते. स्क्रीनवर काही दाखवत असाल तर कोपऱ्यात पांढरा चौकोन आणि त्यावर फोटोडायोड (उजेड ओळखणारा छोटा सेन्सर) लावून खरी वेळ पकडा. सॉफ्टवेअर ज्या वेळी ‘दाखवलं’ म्हणतं आणि स्क्रीनवर खरंच दिसतं यात फरक असतो.

पोलिस तपासातलं ‘ब्रेन मॅपिंग’ अशाच प्रतिसादांवर उभं आहे. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात संमतीशिवाय ते करणं घटनाबाह्य ठरवलं, हे प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत लिहायला विसरू नका.

भाषेवर काम करायचं असेल तर एन४०० हा प्रतिसाद घ्या, कुटास आणि हिलयार्ड यांनी १९८० मध्ये दाखवलेला. “आईने तव्यावर भाकरी टाकली” आणि “आईने तव्यावर छत्री टाकली”, छत्रीनंतर साधारण ४०० मिलिसेकंदांवर निगेटिव्ह लाट मोठी येते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून न जुळणारा शब्द मधेच बसवता येतो आणि वाक्य संपतानाची वेगळी हालचाल त्यात मिसळत नाही, ही आपली सोय आहे. पण आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात, ‘तव्यावर’, ‘शेजारणीकडून’, त्यामुळे इंग्रजी प्रयोगातली शब्द दाखवायची वेळ जशीच्या तशी उचलू नका, आधी चार-पाच मित्रांवर वाचून बघा, कुणाला घाई वाटत असेल तर वाढवा. भाकरी आणि छत्री, दोन्हींची लांबी आणि वापरातली सवय साधारण सारखी ठेवा. मराठीवर असं काम करायला भरपूर जागा आहे, जरूर करा.

डेटा साफ करणं

ईईजीलॅब किंवा एमएनई-पायथन ही सॉफ्टवेअर घ्या, दोन्ही फुकट, पण ईईजीलॅब सहसा मॅटलॅबवर चालवतात. पी३०० सारख्या संथ गोष्टींसाठी हाय-पास फिल्टर (त्याखालच्या संथ लाटा काढणारा) ०.१ हर्ट्झच्या आसपास ठेवा, १ केलं की आकार वाकडा होतो. डोळ्यांचे झटके काढायला आयसीए (मिसळलेले सिग्नल वेगळे करणारी गणिती पद्धत) वापरता तेव्हा मात्र त्याला १ हर्ट्झवर फिल्टर केलेली प्रत द्या आणि निघालेलं वजन मूळ डेटावर लावा. आठ चॅनेलवर आयसीए फार काही करत नाही, तिथे खराब तुकडे सरळ फेका. किती फेकले ते लिहा. आणि आकडेमोड करण्याआधी पूर्ण रेकॉर्ड एकदा डोळ्याने, दहा-दहा सेकंदांची पानं उलटत बघा. कंटाळा येतो, तरी बघा.

घरबसल्या डेटा घ्यायचा असेल तर

जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाचा डेटासेट सगळे घेतात: पाच संच, प्रत्येकात १००, २३.६ सेकंदांचे तुकडे, आणि ९९ टक्के अचूकता आली म्हणून आनंद. नीट वाचा, त्यातले ए आणि बी संच निरोगी माणसांच्या डोक्याच्या वरून घेतलेले आहेत आणि सी, डी, ई पेशंटच्या कवटीच्या आतून. ए आणि ई वेगळे ओळखणारं मॉडेल फिट ओळखतंय की आतला-बाहेरचा इलेक्ट्रोड ओळखतंय, सांगता येत नाही. फिजिओनेट या खुल्या वैद्यकीय डेटाच्या साइटवरचा सीएचबी-एमआयटी डेटासेट बरा, लहान मुलांचे तासन्‌तासाचे खरे रेकॉर्ड, २५६ हर्ट्झ. त्यात ट्रेन आणि टेस्ट पेशंटप्रमाणे वेगळे करा, तुकड्याप्रमाणे नाही, एकाच मुलाचे तुकडे दोन्हीकडे गेले की मॉडेल मुलाला ओळखतं. आणि अचूकता टक्क्यांत देऊ नका, जवळपास सगळा वेळ फिट नसतेच, ‘फिट नाही’ एवढंच म्हणत राहिलं तरी टक्के भरपूर येतात. किती फिट पकडल्या आणि तासाला खोटे अलार्म किती, हे द्या.

परवानगी आणि नंतर

माणसावर रेकॉर्डिंग करणार म्हणजे कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून घ्या. संमतीपत्र मराठीत आणि समजेल अशा मराठीत. ईडीएफ फाइलच्या (ईईजी रेकॉर्ड साठवायचा नेहमीचा प्रकार) हेडरमध्ये पेशंटचं नाव, जन्मतारीख असू शकते, फाइलचं नाव बदललं म्हणजे ओळख पुसली असं होत नाही, हेडर उघडून पुसा आणि मगच ड्राइव्हवर टाका. व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट तर अजिबात नको.

आणि मित्राच्या रेकॉर्डमध्ये अचानक स्पाइकसारखं काही दिसलं तर? त्याला तिथेच “तुला फिटचा आजार आहे” म्हणू नका. निरोगी माणसातही ते दिसू शकतं, कित्येकदा तो सुटलेला इलेक्ट्रोड निघतो, आणि आपल्याकडे हा शब्द एकदा घरात शिरला की मुलीचं लग्न, नोकरी सगळीकडे मागे लागतो, १९९९ मध्ये हिंदू विवाह कायद्यातून एपिलेप्सी काढून टाकली तरी लोकांच्या मनातून ती गेलेली नाही. आधी गाइडला दाखवा, गाइडने न्यूरोलॉजिस्टला, त्यांनी ठरवल्यावर तेच त्या माणसाशी एकांतात बोलतील. यासाठी संमतीपत्रात सुरुवातीलाच एक ओळ ठेवा: ‘रेकॉर्डिंगमध्ये अनपेक्षित काही आढळलं तर मला सांगावं / सांगू नये’, आणि त्याच्यापुढे फोन नंबर आणि सही, रेकॉर्डिंगच्या आधीच घेतलेली.